सही एका दिवसाची

युद्ध कसे पेटले, हे इतिहासग्रंथ सविस्तर सांगतात. ते कसे विझले, हे मात्र दोन ओळींत उरकतात. म्हणून मोझांबिकची कहाणी आम्हांस वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. हा देश आपणांस सर्वस्वी परका नव्हे. १७५२ सालापर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चाले, आणि पुढेही बेइरा व लोरेंसू मार्किश या शहरांत पोटापाण्यासाठी कित्येक गोमंतकीय जाऊन राहिले.

१९७५ साली हा देश पोर्तुगिजांच्या अमलातून मुक्त झाला आणि दोनच वर्षांत यादवीत सापडला. एका बाजूस फ्रेलिमो पक्षाचे सरकार होते. दुसऱ्या बाजूस रेनामोचे बंडखोर. या बंडखोरांना आधी ऱ्होडेशियाच्या व नंतर दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राज्यकर्त्यांनी पोसले. शाळा व दवाखाने जाळले गेले, वाटांवर सुरुंग पेरले गेले, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. सुमारे १० लक्ष माणसे शस्त्रांनी व उपासमारीने मेली.

जुलै १९९० मध्ये दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी रोम शहरातील एका जुन्या मठात समोरासमोर बसले. संत एजिदिओ या प्रापंचिक ख्रिस्ती जनांच्या संघाने त्यांना जागा दिली. मध्यस्थांत बेइराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्विस हेही होते. धाक दाखवावयास या मध्यस्थांपाशी सैन्य नव्हते. बोलणी अडत, पुन्हा सुरू होत. असे २७ महिने गेले, आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, राष्ट्राध्यक्ष शिसानो व रेनामोचे नेते ध्लाकामा यांनी करारावर सह्या केल्या.

येथे आमचे मन अडते. करारानंतर दहाच दिवसांत तेथील संसदेने दोन्ही पक्षांस सर्वसाधारण माफी दिली. खटले झाले नाहीत. जिचा मुलगा गेला, त्या मातेस कोणी विचारले? आम्हीही घरात मुले वाढवितो. हा प्रश्न आम्हांस बाजूस सारता येत नाही. न्याय अपुरा राहिला, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. परंतु शिक्षेची अट आधी घातली असती, तर बंदूक खाली ठेवण्यास कोण धजला असता? त्या मातेचे दुसरे मूल तरी वाचावे, यासाठीच तो कटू घोट घेतला गेला, असे आम्हांस वाटते.

माफी कागदावर मिळाली. सलोखा गावांनी केला. रानातून परतलेल्या पोरांना लोकांनी आपल्या रीतीप्रमाणे शुद्धीचे विधी करून पुन्हा घरात घेतले. १९९५ पासून तेथील ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने, अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, शस्त्र आणून देणाऱ्यास कुदळ, सायकल वा शिवणयंत्र देण्याचा उपक्रम चालविला. मोडलेल्या बंदुकांची घडविलेली एक खुर्ची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे छायाचित्र आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तीवर बसणे सुखाचे नसणार. पण ती आता कोणाचा जीव घेणार नाही.

सुरुंग वेचण्याचे काम मात्र २०१५ सालापर्यंत चालले. मधे २०१३ साली पुन्हा चकमकी उडाल्या, आणि २०१९ साली पुन्हा करार करावा लागला. सही एका दिवसाची. तिच्यामागे २७ महिने होते आणि पुढे कित्येक वर्षे.

वाचकहो, आपल्या गावांतही बांधावरून वा वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे आहेत. तेथे समेट घडवू पाहणाऱ्याने पहिल्या बैठकीनंतर निराश होऊन उठू नये, एवढेच आमचे सांगणे.