नाव ठेवणारे आणि नाव राखणारे

आमच्या गावाचे नाव कोहिनूर. बसवकल्याण तालुक्यातील या गावाचे नाव प्रथमच ऐकणारा पाहुणा हमखास विचारतो, "तुमच्याकडे हिरा सापडला होता काय?" हिरा नाही; काळी जमीन आहे, तुरीची शेते आहेत आणि मुलांनी गजबजलेल्या शाळा आहेत. एवढे भारदस्त नाव पत्त्यात लिहीत आलो असल्यामुळे नाव आणि ते धारण करणारा यांच्या नात्याविषयी आम्हांला कुतूहल आहे. म्हणूनच विलायतेतील एका वाफेच्या इंजिनाचे नाव 'कोल्हापूर' असल्याचे वाचनात आले, तेव्हा त्याची हकीकत शोधून काढल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

इंग्लंडमधील लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या रेल्वे कंपनीसाठी विल्यम स्टॅनियर या अभियंत्याने जलद प्रवासी गाड्यांची इंजिने योजिली. १९३४ ते १९३६ या काळात ती १९१ बांधली गेली. तीन सिलिंडर आणि ६ फूट ९ इंच व्यासाची मोठी चाके हे त्यांचे वैशिष्ट्य. प्रारंभी ही इंजिने पुरेशी वाफ धरीत नसत. बाष्पकाच्या रचनेत फेरफार केल्यावर ती नीट चालू लागली. १९३५ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणास पंचवीस वर्षे झाली. त्या रौप्यमहोत्सवाचे नाव एका इंजिनास दिले गेले आणि सारा वर्गच 'ज्युबिली' म्हणून ओळखला जाऊ लागला. इतर इंजिनांना साम्राज्यातील देशांची, प्रांतांची, संस्थानांची आणि आरमारी सेनापतींची नावे मिळाली.

त्या यादीत ५५८५ क्रमांकाचे हैदराबाद, ५५८७ चे बडोदे, ५५८९ चे ग्वाल्हेर, ५५९२ चे इंदूर आणि ५५९३ चे कोल्हापूर. वाचकहो, ही नावे वाचताना इंजिनांची यादी वाचतो आहोत की महाराष्ट्राबाहेर पांगलेल्या आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचे पत्ते, असा क्षणभर संभ्रम पडतो! ही पाचही इंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात तयार झाली. राज्यकर्त्यांनी आपल्या साम्राज्याची मोजदादच जणू रुळांवरून फिरवली. ज्यांची ही गावे, त्या प्रजेला यात कोणी विचारले नव्हते.

वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, ते इंजिन कधी कोल्हापूरला आले होते का?" येणे शक्यच नव्हते. विलायतेच्या रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच. आणि १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग मीटर गेजचा, म्हणजे त्याहून अरुंद. तो रुंद झाला १९७१ साली. तेव्हा तर तो विलायती रुळांहूनही रुंद झाला. ज्या गावाचे नाव कपाळी मिरवले, त्या गावच्या रुळांवर उभे राहणे त्या इंजिनाच्या नशिबी नव्हते.

मुले हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. आमच्या हजेरीपटावर 'कर' लागलेली आडनावे पुष्कळ आहेत. ज्या गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवले, ते गाव त्यांतील बहुतेकांनी पाहिलेले नाही. तेही एक वेळ चालेल. परंतु त्यांतील काहींना स्वतःचे आडनाव देवनागरीत लिहिताना अडखळावे लागते, हे पाहून जीव कळवळतो. कन्नड ही या प्रांताची भाषा. तिने आम्हांला अन्न दिले, मान दिला. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न आमच्या घरांचा आहे.

ज्यांची नावे त्या इंजिनांना दिली, ती संस्थाने पुढे उरली नाहीत. १९४८ साली ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात गेले. १९४९ साली कोल्हापूर आणि बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. निजामाची राजवट १९४८ साली संपली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. विलायतेतही वाफेचे युग आवरते झाले. हैदराबाद, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही चारही इंजिने मोडीत गेली. १९१ पैकी वाचली अवघी चार. त्यांत कोल्हापूर एक. १९६७ च्या ऑक्टोबरात लीड्स येथे ते सेवेतून निघाले आणि बर्मिंगहॅममधील टाइझली येथे रेल्वेप्रेमी मंडळींनी ते जतन केले.

नाव ठेवले बादशाही थाटाच्या कंपनीने. नाव राखले हौशी माणसांनी. त्यांच्यापैकी कितीजणांना पंचगंगा ठाऊक असेल, सांगता येत नाही. परंतु राखणे म्हणजे नुसते पितळी पाटी पुसणे नव्हे. जुने इंजिन रुळांवर पुन्हा धावायचे, तर ठरावीक वर्षांनी बाष्पक उतरवावे लागते, आतील नळ्या बदलाव्या लागतात, तपासनिसाची संमती घ्यावी लागते. हे केले नाही, तर पाटी चकचकीत राहील. पण आत वाफ धरणार नाही.

आपल्या घरांतील मराठीचेही असेच आहे. दारावरची पाटी, लग्नपत्रिकेतील दोन ओळी, गणपतीची आरती एवढ्यावर नाव टिकेल. भाषा टिकणार नाही. तिच्यासाठी रोज थोडा विस्तव पेटता ठेवावा लागतो. नातवाकडून पत्राच्या चार ओळी लिहवून घ्याव्यात, रात्री एक पान मोठ्याने वाचावे, चुकलेला शब्द न रागावता सुधारावा. आम्ही यंदापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास ज्याला हवे त्याला देवनागरी गिरवायला बसवतो. पहिल्या दिवशी सात मुले आली. त्यांना पहिला धडा दिला तो स्वतःचे संपूर्ण नाव लिहिण्याचा.