शाळेतला शेरा आणि पोलिसाचं तिकीट

परवा मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "आता शाळेत पोलीस तिकीटसुद्धा देणार नाहीत म्हणे. मग या पोरांना धाक कुणाचा?" आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. उत्तर रांगेत देण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून इथे देते.

ऑगस्ट 2025 मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर यांनी ही तिकिटं बंद करणाऱ्या ज्या कायद्यावर सही केली, त्याची गरज का पडली ते आधी पाहू. मुलांना दंड करायला इलिनॉयच्या शाळांना 2015 च्याच कायद्याने मनाई केली होती. शाळांनी त्यातून वाट काढली. शिस्त पाहणारे डीन पोलिसांना बोलवायचे आणि पोलीस गावाच्या ऑर्डिनन्सखाली तिकीट फाडायचे. दप्तरात व्हेप सापडला, कॅफेटेरियात ढकलाढकली झाली, तास बुडवले, की तिकीट. 'शिकागो ट्रिब्यून' आणि 'प्रोपब्लिका' यांनी 2022 मध्ये हे उजेडात आणलं. तीन शालेय वर्षांत किमान 11,800 तिकिटं, आणि एकेका तिकिटाला 750 डॉलरपर्यंत दंड. काळ्या मुलांना तिकीट मिळण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या दुप्पट होतं. सुनावणी व्हिलेज हॉलमध्ये व्हायची. तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आणि बालन्यायालयात मुलांच्या नोंदींना जी गुप्तता असते तीही नाही. म्हणजे खऱ्या गुन्ह्यासाठी न्यायालयात गेलेल्या मुलाला जे संरक्षण होतं, ते ढकलाढकली करणाऱ्याला नव्हतं.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत दैनंदिनीच्या शेवटी शेऱ्यांची पानं असायची. बाई लाल शाईने लिहायच्या, 'वर्गात सतत बोलते' किंवा 'गृहपाठ अपूर्ण'. खाली पालकांची सही. त्या सहीसाठी आईसमोर उभं राहणं हीच शिक्षा असे. प्रकरण मोठं असलं तर मुख्याध्यापक पालकांना बोलावून घेत. त्या काळी छडीही होती, आणि छडीचं मी मुळीच समर्थन करणार नाही. कितीतरी मुलांची शाळा तिच्या भीतीनेच सुटली. पण शेरा लिहिणारी बाई मला ओळखत होती. थोरली बहीण कुठल्या वर्गात आहे, वडील आजारी आहेत, हे तिला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात मी काय केलं होतं हेही. शेरा दोन घरांत राहायचा, शाळेत आणि आमच्याकडे. वर्ष संपलं की दैनंदिनी रद्दीत जायची आणि शेराही तिच्याबरोबर. तिकीट देणाऱ्या पोलिसाला मुलाचं नाव कागदावरून कळतं, आणि त्याचा कागद रद्दीत जात नाही.

आपल्या शेजारच्या नेपरव्हिलचंच उदाहरण घ्या. 2019 मध्ये एका काळ्या विद्यार्थिनीला दुसऱ्या मुलीचे एअरपॉड्स चोरल्याबद्दल तिकीट मिळालं. आपले समजून चुकून उचलले, असं ती सांगत होती. दंड भरून मोकळं व्हायला तिने नकार दिला. ऑगस्ट 2023 मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर ती कॉलेजात पोचली होती.

आपल्यातले किती आईबाप असे लढले असते? आपल्याकडे 'मिटवून टाका' हाच पहिला विचार. चारचौघांत वाच्यता नको, म्हणून चेक लिहायचा. ओळखीच्या एका घरात हेच झालं. नववीतल्या मुलाचं तिकीट वडिलांनी दुसऱ्या दिवशी भरलं आणि विषय बंद केला. दंड भरणं म्हणजे आरोप मान्य करणं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ग्रीन कार्डाच्या अर्जात फक्त अटकेबद्दल विचारत नाहीत. पोलिसांनी कधी 'साइट' केलं होतं का, म्हणजे तिकीट दिलं होतं का, हाही प्रश्न आहे. म्हणून कुणाच्या घरात असं जुनं तिकीट असेल, तर त्याचे सगळे कागद जपून ठेवा आणि अर्ज भरताना वकिलाला दाखवा.

तिकिटं थांबली तरी पोलीस शाळेत आहेतच. 1999 च्या कोलंबाइन हायस्कूलमधल्या गोळीबारानंतर ते मोठ्या संख्येने आले. बंदूकवाल्यापासून मुलांना वाचवायला ते असावेत, असं आई म्हणून मलाही वाटतं. पण त्यांनी मुलाला खोलीत बसवून चौकशी करणं वेगळं. इलिनॉयमध्ये 2019 पासून नियम आहे: संशयित विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल, तर शाळेत त्याला अडवून प्रश्न विचारण्याआधी पालकांना कळवण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा. पोलिसांनी खोटं सांगून अल्पवयीन मुलाकडून कबुली काढणंही 2022 पासून चालत नाही. आपली मुलं मोठ्यांपुढे नाही म्हणायला कचरतात. आपणच त्यांना तसं वाढवलं आहे. त्यांच्याकडून एक वाक्य घरी पाठ करून घ्या: "आईबाबा येईपर्यंत मी बोलणार नाही." नम्रपणे म्हणायचं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. फोन उघडून द्यायचा नाही. कशावरही सही करायची नाही.

आणि धाकाचं विचारणाऱ्या त्या गृहस्थांना माझं सांगणं: धाक लावायला शाळेत डीन आहेत, समुपदेशक आहेत, घरी तुम्ही आहात. पोलिसांना किती वेळा बोलावलं, याचा हिशेब आता शाळांना राज्याला द्यावा लागणार आहे. स्कूल बोर्डाच्या सभेत पालकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो आणि आपल्यातलं तिथे सहसा कुणी दिसत नाही. या सत्रात एकदा तरी जा, आणि हा हिशेब मागा.