भरतीच्या अंगाने

डहाणूच्या खाडीत होडी लोटण्याआधी तिथी पाहतात. मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. खंबातच्या आखाताकडे जावे तशी भरती उशिरा येते आणि पाणीही जास्त चढते. म्हणून डहाणूला या उत्तरात थोडी भर घालावी लागते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाचे पाणी होडीला जेवढे झपाट्याने आत आणते, तेवढ्याच झपाट्याने बाहेरही नेते.

हा किनारा फार सपाट आहे. बोर्डीला ओहोटीत समुद्र अर्धा किलोमीटर मागे सरकतो. तालुक्याची हद्द ओलांडून तलासरीतल्या झाईला गेले तरी खाडीच्या तोंडाशी हाच प्रकार. परतायला उशीर झाला, तर समोर घराचे छप्पर दिसत असते, मध्ये नुसता चिखल, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत नांगर टाकून बसावे लागते. दंडात कितीही जोर असो, चिखलात वल्हे चालत नाही.

पाण्यात ते चालते तेही हातांनी कमीच. पाते उभे बुडवायचे, पाय समोरच्या फळीला रेटायचे, पाठ मागे टाकायची. हात शेवटी वाकतात. पाते बाहेर काढताना मनगट वळवून आडवे केले नाही, तर समोरचा वारा ते मागे ढकलतो आणि दोन तासांत खांदे भरून येतात. नवख्याच्या तळहाताला फोड येतो तो मूठ उगाच आवळल्याने. वल्हे बोटांच्या पेरांत नुसते अडकवायचे असते.

खाडीत भरतीचा मुहूर्त धरतात, तसा महासागर वल्हवत ओलांडणारे वाऱ्याचा धरतात. 2007 साली भाविक गांधी ला गोमेरा बेटाहून एकटे वल्हवत अटलांटिकपार अँटिग्वा बेटावर पोचले. 106 दिवस लागले. त्या वाटेवर व्यापारी वारे पाठीशी असतात. उलट दिशेने वल्हवायचे म्हटले तर तेच वारे तोंडावर येतील. शर्यतीच्या संथ पाण्यातले वल्हवणे मात्र वेगळी विद्या आहे: चांदवडचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकला उतरला, तिथे भरतीची वाट पाहायची नव्हती, घड्याळाशी गाठ होती.

डहाणूच्या मोठ्या होड्यांना इंजिने आली, त्यालाही बराच काळ लोटला. वल्हे आता किनारा आणि नांगरलेली होडी यांच्यामधल्या फेरीपुरते उरले आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. वल्ह्याच्या होडीला ती बंदी नाही. पण आषाढातल्या समुद्रात तिला कोणी घालत नाही, ती खाडीतच फिरते.