घर उतरवण्याचे दिवस

आमच्या वर्धेकडे जुनं घर उतरवायचं तर उन्हाळा गाठायचा. पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली, माणसं मोकळी, आणि मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं. आधी कवेलू उतरत, हातोहात, ओळीने. मग फाटे, मग नाटा, सगळ्यात शेवटी सागवानी चौकटी. कोणतं सामान कोणाकडे जाणार, हे पहिला कवेलू हलायच्या आतच ठरलेलं असे. चांगले कवेलू भावकीतल्या कोणाच्या नव्या खोलीवर, किनार उडालेले गोठ्यावर. बंगईच्या कड्यांवरून मात्र हमखास भांडण. भिंतीची मातीसुद्धा वाया जात नसे. गावठाणातली ती मुरलेली पांढरी माती बंडीने वावरात जाई, खत म्हणून.

वास्तुकार लॉरी बेकरना गांधीजींनी सांगितलं होतं, घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आदि निवास हे गांधीजींचं घर उभं राहिलं ते तिथल्याच माती-लाकडातून. मला यात आणखी एक सोय दिसते: पाच मैलांतून आलेलं सामान मोडल्यावर पाच मैलांतच खपायचं.

सगळंच प्रेमाने दिलं जाई, असं नाही. मजुरीऐवजी किडकं लाकूड हातावर ठेवणारे होते. कोणाच्या घरची चौकट कोणाच्या दाराला लागायची नाही, हेही गावाने जातीवर ठरवून ठेवलेलं होतं. त्या दिवसांची आठवण काढताना एवढं सांगायला हवं.

आता जेसीबी तासाच्या भाड्याने येतो. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये ठरले. हप्ता बांधकामाच्या फोटोवर मिळतो, त्यामुळे घाई. कवेलू, माती, लाकूड एकाच ढिगात ट्रॅक्टरवर चढतं आणि नाल्याच्या काठी पडतं. लोखंड भंगारवाला नेतो, सागवान शहरातला व्यापारी. मातीत किंवा चुन्यात बसवलेली वीट अख्खी निघायची; सिमेंटमधली निघता निघता फुटते. म्हणजे द्यायची इच्छा असली तरी देण्याजोगं हाती कमीच लागतं.

तरी लागतं. पंखे, ग्रील, कडप्प्याचा ओटा, पाण्याची टाकी, न तडकलेलं संडासाचं भांडं, टिनपत्रे. वीटभट्टीवरच्या मजुराला, जागलीच्या खोपडीला यातलं बरंच कामी येतं. फक्त जेसीबीच्या चार दिवस आधी मिस्त्री लावायला हवा, वीज-पाणी बंद करून सामान सोडवायला हवं, आणि घेणाऱ्याला आधी विचारायला हवं. कारण कवेलू फुकट दिले तरी आता कोणी नेत नाही. वानरांचा एक कळप छपरावरून गेला की निम्मे फुटतात, आणि ते फेरून देणारा माणूस मिळत नाही. टिनाला मात्र, भोकं पडलेल्या टिनालाही, तीन-चार जण लगेच हात वर करतात.