पेट बाटलीची परतीची वाट

पाण्याची पारदर्शक बाटली पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजेच पेट, या पॉलिएस्टरची असते. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे रेणू एकाआड एक जोडून त्याची साखळी बनते. प्रत्येक जोडाच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर बंध तयार होतो. विनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडमध्ये हा पदार्थ शोधला तो धाग्यासाठी. बाटली बरीच नंतरची. एस्टर बंधाची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. पाणी किंवा अल्कोहोल भरपूर दिले की जोड उकलतो. पेटच्या रासायनिक पुनर्चक्रीकरणाचा सगळा डोलारा या एका गुणावर उभा आहे.

भंगारात आलेल्या बाटल्यांवर आज बहुतेक ठिकाणी यांत्रिक प्रक्रियाच होते. बाटल्यांचा चुरा करून तो पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणांचे तुकडे पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात. पेट तळाला बसते. पीव्हीसीच्या लेबलाचा तुकडा मात्र पेटइतकाच जड असल्याने त्याच्याबरोबरच बुडतो. पुढे पेट वितळवताना त्या तुकड्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि साखळ्या तोडते. चुऱ्यात राहिलेली ओलही तेच काम करते. साखळ्या आखूड झालेल्या पेटची बाटली नीट फुगत नाही, त्यामुळे बराचसा माल धाग्याकडे वळतो. रंगवलेल्या कापडातून पुन्हा बाटली करणे या मार्गाने जवळजवळ अशक्यच.

रासायनिक मार्गात साखळी मुद्दामच तोडतात. ग्लायकॉलिसिसमध्ये पेटचा चुरा एथिलीन ग्लायकॉलमध्ये सुमारे १९० अंश सेल्सिअसला तापवतात. झिंक ॲसिटेट हा नेहमीचा उत्प्रेरक. मिळणाऱ्या घटकाला बीएचईटी म्हणतात. गरम द्राव गाळून थंड केला की त्याचे पांढरे स्फटिक खाली बसतात आणि त्यांच्यापासून थेट नवे पेट करता येते. तोडणे सोपे, निवडणे अवघड. रंगद्रव्ये, उत्प्रेरकाचे अंश आणि अर्धवट तुटलेल्या साखळ्या स्फटिकांबरोबर येतात, आणि कारखान्याचा खरा खर्च त्या काढण्यात होतो. मिथेनॉल वापरले तर दाब जास्त लागतो. पण मिळणाऱ्या डायमिथिल टेरेफ्थॅलेटचे ऊर्ध्वपातन करता येत असल्याने ते चांगले शुद्ध होते. मळक्या, रंगीत मालासाठी हा मार्ग उजवा ठरतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे ईस्टमन कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर उभारला आहे.

एंझाइमने हेच काम सौम्य तापमानात होते. जपानमधील साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरण केंद्राजवळ सापडलेला ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ हा जिवाणू पेटवर जगतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पातळ फिल्म संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. २०२० साली फ्रान्समधील तुलूझच्या संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या दुसऱ्या एका एंझाइममध्ये बदल करून ७२ अंशांना दहा तासांत ९० टक्के पेट उकलून दाखवले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत न आलेली अट अशी, की एंझाइम साखळीच्या विस्कळीत भागात शिरते, स्फटिकी भागात नाही. म्हणून बाटली आधी वितळवून झटकन थंड करावी लागते आणि त्यात वीज खर्च होते. सुटणारे आम्ल अल्कलीने उदासीन केल्यावर क्षारही साचतात.

पिशव्यांच्या पॉलिएथिलीनमध्ये असा उकलता जोडच नसतो. केवळ कार्बन-कार्बन बंध. ते ऑक्सिजनशिवाय ४०० अंशांच्या वर तापवले तर निरनिराळ्या लांबीच्या तुकड्यांचे तेल मिळते. हे तेल बऱ्याचदा इंधन म्हणून जळते. त्यालाही पुनर्चक्रीकरण म्हणणे ही शब्दांची उधळपट्टी आहे.

त्याऐवजी साखळीतच मोजके उकलते जोड पेरण्याचा प्रयत्न जर्मनीत कॉन्स्टान्झ विद्यापीठात झाला. तेथील गटाने २०२१ साली वनस्पती तेलापासून पॉलिएथिलीनसारखे पॉलिएस्टर बनवले. अठरा-अठरा कार्बननंतर एक एस्टर बंध असल्याने त्याचे स्फटिक आणि बळकटी पॉलिएथिलीनच्या जवळ जाते; मिथेनॉलमध्ये १५० अंशांना ते उकलून ९६ टक्के घटक परत मिळाले. अठरा कार्बनचे हे घटक एथिलीनपेक्षा बरेच महाग पडतात, त्यामुळे बाजारातल्या पिशवीशी त्याची स्पर्धा अजून नाही.