पदकामागचे नाव

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी आमच्या वसाहतीतील ध्वजारोहणाला एक वृद्ध गृहस्थ दरवर्षी निळा कोट घालून येतात. कोटाच्या डाव्या बाजूस पदकांची एक ओळ असते. सगळे त्यांना 'मिलिट्रीवाले आबाजी' म्हणतात. दारव्हा तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा १९६९ साली शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला गेला, तेथून नागपूरला पोहोचला आणि सैन्यात भरती झाला. पुढे हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर यवतमाळात एका बँकेच्या दारात त्यांनी पहारेकऱ्याचे काम केले. त्यांच्या पदकांच्या ओळीत मधोमध एक जागा रिकामी आहे, हे मी कित्येक वर्षे पाहत होतो. एखादे पदक निसटून पडले असावे, अशी माझी समजूत होती. ती जागा त्यांनी शिंप्याला सांगून मुद्दाम सोडवून घेतली होती, हे मला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ते एक जाड लिफाफा घेऊन माझ्याकडे आले. "सर, तुमी भाषेचे डाक्टर हा. एक अर्ज लिवून द्या," एवढेच म्हणाले.

लिफाफ्यात त्यांचे डिस्चार्ज बुक होते. सैनिकाच्या साऱ्या नोकरीची हकिकत त्या लहानशा पुस्तकात असते: क्रमांक, भरतीची तारीख, बढत्या, शेरे आणि मिळालेली पदके. त्यात १९७१ च्या युद्धकाळातील सेवेबद्दलच्या संग्राम पदकाची नोंद होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्या सर्वांना देण्यात आलेल्या, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकाचीही होती. नोंद नव्हती ती 'पूर्वी स्टार'ची, म्हणजे १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर सेवा बजावणाऱ्यांसाठी असलेल्या पदकाची. आबाजी तर त्या डिसेंबरात नेमके तिथेच होते. नद्यांच्या त्या प्रदेशात सैन्य पुढे न्यायचे तर पूल हवेत, आणि पूल उभारणाऱ्या एका तुकडीशी त्यांना काही काळापुरते जोडून दिले होते.

पूर्वी स्टार हे शौर्यपदक नाही. परमवीर चक्र किंवा वीर चक्र असामान्य धैर्यासाठी दिले जाते. पूर्वी स्टारसारखी पदके हजेरीची असतात. 'हा माणूस त्या वेळी त्या ठिकाणी होता' एवढेच ती सांगतात. त्यामुळे इतक्या वर्षांनी एवढ्याशा गोष्टीसाठी धडपड कशाला, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो विचारलाही. छावणीच्या गावांत सैनिकी कपडे शिवणाऱ्यांच्या दुकानांतून हुबेहूब तशी पदके विकत मिळतात, ही माहितीही मी पुरवली.

आबाजींनी कोटावरचे एक पदक काढून माझ्या हातात दिले. "वाचा," म्हणाले. धातूवर बारीक अक्षरांत त्यांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले होते. "दुकानातल्या मेडलवर हे नसते. ते कोणाचंई असू शकते."

मी निरुत्तर झालो आणि लिफाफा ठेवून घेतला.

कागद बारकाईने पाहू लागलो तेव्हा माझ्या विषयाशी थेट भिडणारी एक गोष्ट हाती लागली. आबाजींचे आडनाव जाधव. देवनागरीत त्याविषयी काही वाद नाही. परंतु गावच्या शाळेच्या दाखल्यावर रोमन लिपीत ते 'जे-ए-डी-एच-ए-ओ' असे होते. भरतीच्या वेळी कारकुनाने शेवटचा 'ओ' काढून तिथे 'व्ही' घातला. आणि ट्रंकेच्या तळाशी आबाजींनी जपून ठेवलेल्या, त्यांना पूल बांधणाऱ्या तुकडीकडे धाडणाऱ्या १९७१ च्या आदेशात मधला 'एच'ही गळून 'जे-ए-डी-ए-व्ही' एवढेच उरले होते. एकाच माणसाची कागदावर अशी तीन माणसे झाली होती. पदकासाठी नावांची यादी तयार झाली तेव्हा मूळ पलटणीच्या लेखी ते दुसरीकडे होते, आणि ज्या तुकडीत ते होते तिच्या लेखी ते दुसरेच कोणी होते.

भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या तिन्ही लेखनांमागची कारणे दिसत होती. 'जाधव' या शब्दाच्या शेवटी आपण 'व' लिहितो. पण उच्चारताना त्यातील अंत्य 'अ' लोपतो आणि 'व' स्वराकडे झुकतो, त्यामुळे कानाला 'औ'सारखा ध्वनी जाणवतो. 'व्ही' लिहिणारा अक्षराशी प्रामाणिक असतो, तर 'ओ' लिहिणारा कानाशी. विदर्भातील जुन्या दाखल्यांवर हा 'ओ' सर्रास आढळतो. मधला 'एच' गाळणारा कारकून कदाचित दक्षिणेकडचा असावा. तमिळसारख्या भाषेच्या लिपीत 'द' आणि 'ध' यांना वेगळी अक्षरेच नाहीत. यांपैकी कोणीही खोडसाळपणा केला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या कानावर आणि सवयीवर विसंबून नाव लिहिले होते.

नावांच्या बाबतीत असे घडतच आले आहे. इंग्रजी अमलात आपल्या यवतमाळचे रोमन लेखन 'वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल' असे होते. १९०५ पर्यंत जिल्हा ओळखला जाई तो वणीच्या नावाने, आणि ते नाव असे लिहीत की परका माणूस ते 'वून' असेच वाचील. मराठा पलटणींच्या अधिकृत नावातही स्वातंत्र्यापूर्वी 'एच' वेगळ्या जागी होता आणि एक 'टी' जादा होता. परंतु गावाच्या किंवा पलटणीच्या नावात अक्षर चुकले तरी गाव जागेवर राहते आणि पलटण लढत राहते. एकट्या माणसाचे अक्षर चुकले, तर तो माणूसच यादीतून नाहीसा होतो.

पहिल्या महायुद्धात इराकमध्ये कामी आलेल्यांसाठी बसरा येथे उभारलेले स्मारक मला या वेळी आठवले. त्या आघाडीवर मराठा पलटणीही लढल्या होत्या. स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची नोंद मात्र केवळ संख्येने झाली. युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणात झालेल्या अशा विषमतेबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. तोवर एक शतक उलटून गेले होते. त्या शिपायांची नावे कोणाला तरी ठाऊक होती: आईला, गावच्या पाटलाला, शेजारी झोपणाऱ्या सोबत्याला. पण दगडावर ती आली नाहीत, आणि ज्यांना ठाऊक होती तेही गेले.

हे सारे विचार अर्जात उतरवण्याचा मोह मला झाला. मी लिहीत गेलो, खोडत गेलो. परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या. शेतात कापूस वेचणीला आला तरी अर्ज माझ्या टेबलावरच होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचे चार महिने मी वाक्ये घासण्यात घालवले, याची आज लाज वाटते. अखेर चार पानी मसुदा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यात लिप्यंतराची चिकित्सा होती, बसरा होते, आणि 'मातृभूमीसाठी प्राण पणाला लावणाऱ्या एका वीराची ही उपेक्षा' असे एक वाक्यही होते.

आबाजींनी डोळे मिटून सगळे ऐकले. मग म्हणाले, "सर, तुमी लय गोड लिवलं. पण हे माहं नाई. म्या पुलाच्या फळ्या वायल्या, तेवढंच लिवा." थोडे थांबून पुढे म्हणाले, "वावर मोठं झालं तुमचं. धुराच दिसून नाई राह्यला."

शेताचा धुरा म्हणजे मालकीची सीमा. ती दिसत नसेल तर वावर कितीही मोठे असले तरी उपयोग नाही. मी नवा कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव. सैन्यात माणसाची ओळख याच क्रमाने सांगतात. 'डिसेंबर १९७१ मध्ये मी या तुकडीशी संलग्न होतो. सोबत आदेशाची प्रत जोडली आहे. आदेशात माझे नाव चुकले आहे, क्रमांक बरोबर आहे. पूर्वी स्टारची माझ्या अभिलेखात नोंद नाही. तपासून नोंद करावी.' अर्ज संपला. माझ्या चार पानांत जे सापडत नव्हते ते या पाच वाक्यांत होते: तीन कागदांवरचा माणूस एकच आहे, याचा पुरावा. नावे तीन असली तरी क्रमांक एकच होता.

'करावी' या क्रियापदापाशी मी थबकलो. व्याकरणात आपण याला विध्यर्थ म्हणतो. 'करा' ही आज्ञा झाली, 'कृपा करून करावी' ही याचना झाली. नुसत्या 'करावी'त समोरच्याच्या कर्तव्याची जाणीव आहे आणि स्वतःचा मानही शाबूत आहे. विध्यर्थ मी वर्षानुवर्षे शिकवला. त्याचे एवढे नेमके उपयोजन मला एका हवालदाराने दाखवले.

सैनिकांनी आपल्या सेवेची दखल मागण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर, लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीत १८९४ साली सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आम्ही सेवा केली आहे, ती तुमच्या दप्तरी आहे, मग आम्हाला नाकारता कसे, असा त्या मागणीचा गाभा होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा पहिल्या अर्जाला जवळजवळ अर्धशतक लोटले होते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला तो २०२५ साली. अर्ज हा आपण शाळेत दहा गुणांसाठी शिकतो तो रुक्ष लेखनप्रकार खरा. पण ज्यांना इतिहास लिहिता येत नाही अशा माणसांनी इतिहासात केलेली दुरुस्ती पुष्कळदा अर्जाच्या रूपानेच केलेली असते.

एक प्रश्न उरला होता. अर्जाच्या तळाशी नाव कसे लिहायचे? मुलांच्या, नातवंडांच्या साऱ्या प्रमाणपत्रांवर 'ओ' आहे, आधार कार्डावरही 'ओ' आहे. तेव्हा या निमित्ताने सैन्यातले नावही दुरुस्त करून घ्यावे, असे मी सुचवले. आबाजींनी मान हलवली. "नाई सर. मेडलवर 'व्ही'च पायजे. जो पोरगा तिथी गेला होता, त्याचं नाव तेच होतं." दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तेवढे आम्ही केले आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कागद पुढे गेले. नावाचे शुद्ध रूप कोणते याचा शोध मी घेत होतो. आबाजींना हवे होते ते, ज्या रूपात त्यांनी आयुष्याचा तो काळ काढला ते रूप.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना नावाच्या रकान्यापाशी अडखळले असाल. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, लग्नानंतरचे दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. अशा वेळी ती क्षुल्लक कटकट समजून पुढे जाऊ नका. आपले नाव कोठे, कसे आणि कोणी लिहिले आहे हे एकदा नीट वाचा. चुकले असेल तर सरळ चार वाक्यांत लिहून कळवा. आणि एखादा वडीलधारा माणूस अर्ज लिहून मागायला आला, तर चार महिने लावू नका.

पुढल्या वर्षी पावसाळ्यात उत्तर आले. क्रमांकावरून पडताळणी झाली होती, अभिलेखात पूर्वी स्टारची नोंद घेतली होती. प्रत्यक्ष पदक उपलब्ध झाल्यावर पाठवण्यात येईल, असे कळवले होते. पत्र इंग्रजीत होते. आबाजींना ते वाचता येत होते, तरी ते मला मोठ्याने वाचायला लावले. मी क्रमांक उच्चारला तेव्हा खाटेवर बसलेले ते उठून उभे राहिले, आणि मी नावापर्यंत येईतो तसेच उभे होते.

पदक अजून आलेले नाही. यंदाच्या २६ जानेवारीलाही त्या ओळीतील जागा रिकामीच होती. एका शेजाऱ्याच्या लहान मुलीने तिकडे बोट दाखवून, इथलं कुठे पडलं, असे त्यांना विचारले.

"पडलं नाई," आबाजी म्हणाले, "येऊन राह्यलं."