काट्याची हमी आणि भावाची हमी

कारंजा लाडची ओळख आपल्या समाजाला आहे ती तेथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघाच्या प्राचीन मंदिरांमुळे आणि महावीर ब्रह्मचर्याश्रमामुळे. याच गावाच्या नावावर व्यापाराच्या इतिहासातील एक नोंदही आहे. इ. स. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला बाजार मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अडते व मापारी यांना परवाने आवश्यक ठरले. या व्यवस्थेने शेतकऱ्याला एवढेच आश्वासन दिले की काटा खरा असेल आणि तो धरणारा माणूस उत्तरदायी असेल. भाव काय मिळेल, याची हमी तिने कधी दिली नाही. देणे शक्यही नव्हते.

हा जुना भेद आज पुन्हा मांडण्याचे कारण निराळे आहे. निवृत्तीनंतर बँकेच्या कामातून सुटलो, तरी समाजातील मंडळी व्यवहाराचे प्रश्न घेऊन येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत एकच प्रश्न वारंवार येतो. महिन्याला दोन-तीन हजार किंवा वर्षाला तीस-चाळीस हजार रुपये घेऊन ‘कोणता शेअर घ्यावा, केव्हा विकावा’ हे सांगणारी अ‍ॅप, संगणक प्रणाली आणि टेलिग्रामवरील गट यांच्यावर भरवसा ठेवावा काय?

असाच एक तरुण, अडत दुकान चालवणाऱ्या घरातला, मोबाइल घेऊन बसला. म्हणाला, “काका, यांचे दहापैकी आठ कॉल बरोबर निघतात.” मी विचारले, “उरलेले दोन किती रुपयांचे?” त्याने ते मोजले नव्हते. आम्ही मोजले. आठ सौद्यांत सरासरी दोन हजार म्हणजे सोळा हजार नफा. दोन सौद्यांत प्रत्येकी दहा हजार म्हणजे वीस हजार तोटा. जाहिरात ऐंशी टक्के यशाची आणि वहीत चार हजारांची घट! बरोबर निघालेल्या सौद्यांची संख्या आणि हाती आलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागू नये. पण मोबाइलच्या पडद्यावर हा फरक सहज झाकला जातो.

दुसरा हिशेब शुल्काचा. त्याचे भांडवल तीन लाख आणि वार्षिक शुल्क छत्तीस हजार, म्हणजे बारा टक्के. दलाली व कर त्याहून वेगळे. पहिले बारा टक्के कमावल्यावर तो शून्यावर येणार. एखाद्या निर्देशांक फंडाचा वार्षिक खर्च अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. पन्नास लाख गुंतवणाऱ्याला तेच शुल्क एक टक्क्याहून कमी पडते. म्हणजे ज्याच्याजवळ थोडे आहे त्याच्यावरच या सेवेचा भार सर्वाधिक.

यशाचा पुरावा कसा तयार होतो, हेही समजून घेतले पाहिजे. समजा, कोणी १,६०० जणांना संदेश पाठवले. आठशे जणांना ‘भाव चढेल’, आठशे जणांना ‘उतरेल’. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना सोडून दिले आणि उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग केले. असे पाच वेळा केल्यावर पन्नास माणसे अशी उरतात की ज्यांनी या भविष्यवेत्त्याचे पाचही अंदाज खरे ठरलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. ती शपथेवर सांगतील आणि खोटेही बोलणार नाहीत. परंतु त्या पाच अंदाजांत ज्ञानाचा अंशही नाही.

संगणक प्रणालीची गोष्ट थोडी वेगळी. तेथे लबाडी असेलच असे नाही. मागील भावांवर नियम तपासून पाहतात आणि जो नियम उत्तम दिसतो तो विकतात. आपल्या वाशीमच्या पेठेला सोयाबीनचे उदाहरण पुरेसे आहे. २०२१ च्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत भाव चढत जाऊन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. त्या काळाचे आकडे यंत्राला दिले असते तर त्याने एकच सल्ला दिला असता, ‘माल धरून ठेवा.’ नवे पीक येता भाव कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदेही स्थगित केले. ही गोष्ट मागच्या भावांच्या कोणत्याही आलेखात नव्हती.

‘इतके खात्रीचे ज्ञान असेल तर हे लोक स्वतःच का कमवत नाहीत?’ असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. हा प्रश्न पूर्णपणे न्याय्य नाही. वकील व सी. ए. हेही ज्ञान विकूनच जगतात. फरक असा की सी. ए. चा सल्ला दहा हजार लोकांनी पाळला तरी तो झिजत नाही. ‘हा शेअर आत्ता घ्या’ हा सल्ला मात्र दहा हजार लोकांनी एकाच वेळी पाळला की भाव चढतो आणि मागून येणाऱ्यास महाग माल मिळतो. शेअर लहान कंपनीचा असेल तर सल्ला देणाराच आधी घेऊन अनुयायांच्या गळ्यात विकण्याची शक्यता असते. साधना ब्रॉडकास्ट कंपनीच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सेबीने आदेश काढले. त्यात यूट्यूबवरील दिशाभूल करणाऱ्या चित्रफितींनी लोकांना खरेदीस प्रवृत्त केले आणि चढ्या भावात दुसऱ्यांनी विक्री साधली, असा ठपका होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शिकवण्या घेणाऱ्या व्यक्तीविरुद्ध आदेश झाला. नोंदणी नसताना सल्ल्यापोटी सुमारे सतरा कोटी रुपये जमवल्याचे त्यात नमूद आहे. स्वतःच्या व्यवहारांत त्याच व्यक्तीला सुमारे २ कोटी ८९ लाखांचा तोटा झाला होता, हेही नोंदले आहे. आणि ४ डिसेंबर २०२५ रोजी कर्जत येथे अकादमी चालवणाऱ्या अवधूत साठे यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश निघाला. प्रशिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना सल्ला दिल्याचा सेबीचा आक्षेप असून सुमारे ५४६ कोटी रुपये गोठवण्यास सांगितले आहे. हा आदेश अंतरिम आहे, अंतिम निवाडा नव्हे, हे आपण ध्यानी ठेवावे. तथापि त्या वर्गांना बसणाऱ्यांत मराठी घरांतील शिकलेली मुले मोठ्या संख्येने होती, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२४-२५ मध्येही हे प्रमाण सुमारे ९१ टक्के राहिले. या आकड्यांत सल्ला घेणारे व न घेणारे दोन्ही आहेत. तरी सल्ला विकणाऱ्यांचा इतका सुकाळ असताना हे चित्र राहते, यातून जे समजायचे ते समजते.

मग नोंदणीकृत सल्लागारांचे काय? येथे कारंज्याचा काटा आठवावा. सेबीच्या नोंदणीने माणूस उत्तरदायी ठरतो, त्याला खात्रीशीर परताव्याचे वचन देता येत नाही आणि तक्रारीसाठी स्कोअर्स ही व्यवस्था उपलब्ध होते. व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब या ग्राहकांसाठी संशोधन विश्लेषकाचे शुल्क प्रति कुटुंब वर्षाला १,५१,००० रुपयांहून अधिक असू शकत नाही. सल्लागाराच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ने आणि विश्लेषकाच्या क्रमांकाची ‘आयएनएच’ने होते, सेबीच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. दाखवलेल्या परताव्याची त्रयस्थाकडून पडताळणी व्हावी म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये एक यंत्रणाही सुरू झाली आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण ही काट्याची हमी झाली, भावाची नव्हे. परवाना पाहून भावाचा विश्वास ठेवणारा अर्धेच वाचतो.

भावाची हमी कोणाजवळच नसते, याचा दाखला आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत शेअरांचा ज्वर चढला. त्या बाजाराचा मुकुटमणी म्हणजे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. त्यांचे नाव एखाद्या कंपनीशी जोडले गेले की लोक डोळे मिटून पैसे लावत. युद्ध संपले, कापूस उतरला, १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या दोन लाखांच्या देणगीतून मातेच्या नावे उभा राहिला, त्या दूरदृष्टीच्या पुरुषालाही तो दिवस टाळता आला नाही. बाजार ज्यांच्या शब्दावर हलत असे त्यांना जे कळले नाही, ते महिना तीन हजारांत कसे कळावे?

त्या तरुणाच्या बाबतीत मला खरी चिंता निराळीच होती. पैसा कोठून आणणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सीसी खात्यात मर्यादा शिल्लक आहे. हंगामाला अजून महिना आहे.” कॅश क्रेडिटचा पैसा मालावर दिलेला असतो. तो शेअरांत वळवणे हा बँकेशी केलेल्या कराराचा भंग तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट शेतकऱ्याच्या चुकाऱ्याची आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली आणि खात्यात पैसा नसला, तर चुकारा एक दिवस लांबतो. तो एक दिवस साऱ्या पेठेला कळतो. तीन पिढ्यांनी जमवलेली पत अशा वेळी स्टॉपलॉस लावून वाचत नाही.

मी त्याला नको म्हटले नाही. वही घाल म्हटले. चार महिने प्रत्येक कॉल, तो हाती पडल्याची वेळ, त्या वेळी प्रत्यक्ष मिळणारा भाव, खर्च आणि शेवट, सर्व स्वतःच्या हाताने लिहायचे. रुपया लावायचा नाही. त्याने मनापासून लिहिले. खर्चापूर्वी थोडा नफा दिसत होता. शुल्क व दलाली वजा जाता काही उरत नव्हते. दुसरे एक निरीक्षण त्याचे स्वतःचे होते. फसलेले तीन कॉल गटातून नंतर पुसून टाकले होते. त्याच्या वहीत मात्र ते होते.

आपल्या तत्त्वज्ञानाने ‘स्यात्’ हा शब्द दिला आहे. विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे सांगितल्यावाचून ते पूर्ण होत नाही. प्रामाणिक विश्लेषक तसेच बोलतो. तो कंपनीचा ताळेबंद समजावतो, आपला अंदाज कोणत्या स्थितीत चुकेल तेही सांगतो. अशा माणसाला अभ्यासापुरते शुल्क देण्यात गैर काही नाही. मासिक वा ग्रंथ विकत घ्यावा तसे ते आहे. जो ‘खात्रीने’ म्हणतो त्याच्यापाशी थांबू नये. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांमध्ये खोटी मापे आणि नकली माल खपवणे यांची गणना आहे. पुसलेला तोटा हे खोटे मापच नव्हे काय?

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलांना रागावून हा विषय बंद करू नये. ती लपून करतील. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण वस्तूंसाठी घेतो, तशी शेअरांतील रकमेचीही मर्यादा कुटुंबाने एकत्र बसून ठरवावी. दुकानाचे भांडवल, चुकाऱ्याचा पैसा आणि बहिणीच्या लग्नाची ठेव त्या मर्यादेबाहेर ठेवावी, आणि ठरलेला आकडा वर्षारंभी वहीत लिहून घ्यावा.